आमच्या गावाच्या वाट्याला आलेलं सौजन्य

मुक्काम नेहमीचाच (मेडशीच्या पुढे चार किलोमीटर),
मंगळवार, जेवणानंतर

श्री. हरीओमराव, झेरॉक्स आणि टायपिंगवाले, वाशीम, यांस

थोरले भाऊजी इंद्रभान यांचा रामराम, आणि त्यावर एक जास्तीचा नमस्कार. (भाऊजीनं साळ्याला जास्तीचा नमस्कार घातला की मागे काही काम असतं, असं तुझ्या मनात येईल. येऊ दे. साळ्याच्या मनात नाहीतरी चांगलं काय येतं?) तुझी शुगर कशी आहे? मागच्या खेपेला तू माझ्यासमोर चार पेढे खाऊन वर बिनसाखरेचा चहा मागितलास, तो हिशेब मला अजून समजलेला नाही. वर्षाराणीच्या कंबरेला आराम पडला का? तिला म्हणावं, दुकानातलं ते फिरतं स्टूल सोड आणि साध्या खुर्चीवर बस. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. माझा उजवा गुडघा पायऱ्या चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो. तुझी बहीण प्रयागबाई तब्येतीनं उत्तम आहे आणि माझ्याशी वीस दिवस झाले बोलत नाही, त्यामुळे माझीही तब्येत बरी आहे.

फोन सोडून पत्र का, तर आमच्या घरात फोनवर बोललेलं गुपित राहत नाही. तुझ्या बहिणीला फोन उचलला की पहिल्यांदा आवाज मोठा करायची सवय आहे. मग तू वाशीममध्ये शिंकलास की आमच्या शेजारी लोक 'जगा' म्हणतात. शिवाय पत्रासोबत एक कागद आहे, तो फोनमधून जात नाही. (त्याचा फोटो काढून पाठवता येतो, हे तुझ्या भाच्यानं, विकासनं, मला सांगितलं. पण मला तो कागदच पाठवायचा आहे.) पाकीट उद्या सकाळच्या एसटीनं येईल. मालेगाव-वाशीम गाडीवरचा वाहक संघदीप आपला माणूस आहे, तो ते तुझ्या हातातच देईल. दुकानातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नको, असं त्याला बजावलं आहे.

तर हकीकत अशी. गेली तेरा वर्षं मी या गावचा पोलीस पाटील आहे हे तुला माहीत आहे. तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत माझ्या नावाखाली ते छापायला तू विसरलास हे मलाही माहीत आहे. या तेरा वर्षांत आमच्या ठाण्याला सात ठाणेदार आले आणि गेले. (ठाण्याचं नाव लिहीत नाही. पाकीट उघडं पडलं तर?) एकानं झाडं लावली, एकानं ती तोडून पार्किंग केलं, एक योगासनं शिकवायचा. श्रावणात आठवे आले. तरुण आहेत, वाचलेले आहेत, आणि कुठल्यातरी प्रशिक्षणातून ताजे ताजे परतलेले आहेत. त्यांनी आल्या आल्या मोठा फलक करून आणला. वर लाल अक्षरात 'आमची मार्गदर्शक मूल्ये', आणि खाली सेवा, सौजन्य, सचोटी, तत्परता, निःपक्षपात, विश्वासार्हता. फलक कुठं लावावा यावर बराच खल झाला. शेवटी लॉकअपच्या दारावर लावला, कारण खिळा तिथंच होता.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. फलक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पण साहेबांनी सगळ्या पोलीस पाटलांची बैठक घेतली आणि सांगितलं की, मूल्य भिंतीवर राहून उपयोगाचं नाही, ते गावात गेलं पाहिजे. पण सहाच्या सहा मूल्यं एकदम एका गावाला झेपणार नाहीत (हे त्यांचं निरीक्षण मला पटलं), म्हणून सहा महिने एका गावानं एकच मूल्य पाळायचं. मग टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. शेजारच्या गावच्या दौलतसिंग पाटलाला तत्परता निघाली. तेव्हापासून तो कुठंही भांडण व्हायच्या आधीच जाऊन उभा राहतो आणि त्यामुळेच भांडण होतं. दुसऱ्या एकाला निःपक्षपात आला, तो आता स्वतःच्या सख्ख्या भावाशी बोलत नाही. माझ्या हाताला सौजन्य लागलं. मी चिठ्ठी उलटी करून पाहिली, मागे काही नव्हतं. साहेब म्हणाले, तुम्ही नशीबवान आहात, याला खर्च काहीच नाही.

हरीओम, तू शहरात राहतोस, तुला आपल्या बोलीचा विसर पडला असेल. आपल्याकडे माणूस माणसाला 'काय बे' म्हणतो तेव्हा सगळं सुरळीत असतं. 'या' म्हणाला तर काहीतरी हवं असतं. आणि 'आपण' म्हणाला तर सरकारी कागद निघालेला असतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा अनुभव आहे, तो एका चिठ्ठीनं पुसला जात नाही. पण साहेबांनी मला एक अभिप्राय वही दिली होती. ज्याच्याशी बोलाल त्याची त्यात सही घ्यायची आणि शेरा घ्यायचा, पोलीस पाटील सौजन्यानं बोलले, होय किंवा नाही. पहिलाच प्रयोग रुखमाबाईवर झाला. म्हातारी शेजाऱ्याच्या बकऱ्यांची तक्रार घेऊन आली होती, दर मंगळवारी येते. मी उठून उभा राहिलो, खुर्ची पुढे केली आणि म्हणालो, आजी, आपण कृपया बसून घ्या. ती बसली नाही. खांबाला धरून तिनं विचारलं, "कोन मेलं?" मी म्हणालो कोणी नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि पुण्याला असलेल्या नातवाच्या नावानं जो हंबरडा फोडला, त्यानं अर्धी आळी जमा झाली. नातवाला फोन लावून त्याचा आवाज ऐकवेपर्यंत ती काही शांत झाली नाही. बकऱ्यांची तक्रार राहून गेली. वहीत तिचा अंगठा आहे, शेऱ्याच्या जागी काय लिहावं हे मला कळलं नाही.

असे दीड महिन्यात अठ्ठावीस शेरे जमले. पारावर बसलेली पत्तेवाली मंडळी मी 'बंधूंनो' म्हणताच पत्ते टाकून घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी वकिलाचा नंबर विचारत आली. एकानं तर मी 'धन्यवाद' म्हणालो म्हणून मोटारसायकलीचा विमा भरून टाकला. गुन्हे कमी झाले हे खरं. पण गाव माझ्याकडे यायचं बंद झालं, हेही खरं. लोक रस्त्यानं मला पाहून बाजूच्या गल्लीत वळू लागले, आणि मी वळणाऱ्याच्या पाठीमागून 'आपला दिवस शुभ जावो' म्हणू लागलो. मला स्वतःलाच माझी भीती वाटायला लागली होती.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या गावाच्या अंगाला जो तांडा आहे, तिथला प्रेमसिंग तुला आठवत असेल. काळा, उंच, कमी बोलणारा. दरवर्षी दसरा झाला की बायको रामीबाईला घेऊन ऊसतोडीला जातो, उन्हाळ्यात परत येतो. त्याला दोन लेकरं, बादल आणि रीता. ही रीता पोलीस भरतीत लागली. गावातून आजवर कोणी लागलं नव्हतं, पोरगा नाही आणि पोरगी तर नाहीच नाही. मैदानात आठशे मीटर ती अशी धावली की सोबतच्या पोरी मागून विचारत होत्या, ही कोण. लेखीतही पुढे. आपला विकास त्याच भरतीला होता, हे तुला सांगायला नको. सोळाशे मीटरला तो बारा सेकंदांनी मागे पडला. वर्षभर दोघं मेडशीच्या रस्त्यावर पहाटे सोबत धावत होते, हा तिची वेळ मोबाइलवर मोजायचा, ती त्याची. निकाल लागला त्या दिवशी विकास तांड्यावर पेढे घेऊन गेला. मी गेलो नाही, माझा गुडघा दुखत होता.

लागली म्हणजे नुसती यादीत लागली. त्यानंतर चारित्र्य पडताळणी असते. उमेदवार कुठला, घरचे कसे, कोणावर काही गुन्हा आहे का, याचा अहवाल ठाण्यातून वर जातो आणि तो चांगला गेला तरच प्रशिक्षणाला बोलावणं येतं. अहवाल ठाण्यानं करायचा, ठाण्यानं तो बीट जमादाराला सांगायचा, आणि बीट जमादारानं माझ्याकडे कागद पाठवून 'पाटील, तुमी बघून घ्या' म्हणायचं, अशी रीत आहे. मला बापाचा जबाब घ्यायचा होता. दहा मिनिटांचं काम. प्रेमसिंग यंदा पोरीच्या कागदपत्रांसाठी ऊसतोडीला न जाता थांबला होता. मी इस्त्रीचा सदरा घातला, अभिप्राय वही बगलेत घेतली आणि तांड्यावर गेलो. तो तुरीच्या धुऱ्यावर बांधाचं गवत कापत होता. मी दुरूनच हात जोडले आणि पोटातून गोड आवाज काढून म्हणालो, प्रेमसिंगजी, नमस्कार, आपल्याशी जरा बोलायचं होतं, चला, चहा घेऊ.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. विळा खाली ठेवला. चपला तिथंच सोडल्या. आणि तुरीत शिरला. तूर यंदा डोक्याच्या वर गेली आहे, तुला माहीत आहेच. शेंडे हलताना दिसले, मग तेही थांबले.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हाही तेच. तिसऱ्या दिवशी रामीबाईनं मला अंगणात गाठलं. मी तिलाही 'ताई, आपण' असं सुरू करणार होतो, पण तिनं हातानंच थांबवलं. "तुमी त्याले गोड नोका बोलू पाटील," ती म्हणाली. "गोड बोललं का तो पयते. पयलेसारख्या शिव्या द्या, मंग येईन बरोबर." मी विचारलं, असं का? तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी विसरून गेलो होतो. (विसरणं ज्याच्यावर बेतत नाही त्याला सोपं असतं.) अकरा वर्षांपूर्वी कोणाच्यातरी विहिरीवरची मोटर चोरीला गेली. ठाण्यातून एक शिपाई आला, फार गोड बोलणारा होता. तांड्यावर जाऊन म्हणाला, प्रेमसिंगजी, साहेबांनी चहाला बोलावलंय, जरा चला. प्रेमसिंगला जन्मात पहिल्यांदा कोणी 'जी' म्हटलं होतं. तो धुतलेला सदरा घालून गेला. चार दिवसांनी परत आला तेव्हा त्याला खाली बसता येत नव्हतं. मोटर पुढे मालकाच्याच विहिरीच्या तळाशी सापडली, दोर तुटून पडली होती. ते त्याला कोणी येऊन सांगितलं नाही, मेडशीच्या बाजारात कळलं. आणि त्या शिपायाला तांड्यावरचं घर दाखवायला सोबत कोण गेलं होतं? मीच गेलो होतो, हरीओम. तेव्हा मी नवा नवा पाटील होतो, मला वाटलं खरंच चहाला बोलावलंय. निदान मला तसं वाटलं असं मी आजवर धरून चाललो आहे.

मग दुसरा काय इलाज? मी धुऱ्यावर उभा राहिलो, इकडे तिकडे पाहिलं आणि शिवी द्यायला तोंड उघडलं. तुला खोटं वाटेल, शिवी येईना. दीड महिन्याच्या सौजन्यानं जीभच बसली होती. पहिल्यांदा 'अहो गाढवा' असं बाहेर पडलं. रामीबाई म्हणाली, याच्यानं नाही व्हत. मग मी डोळे मिटले, माझे वडील आठवले, आणि सुरू केलं. (त्या शिव्या इथं लिहीत नाही, पत्र तुझ्या बहिणीच्या हाती पडायचं भय आहे. एवढंच सांगतो, त्यात तुझ्या घराण्यातल्याही दोन होत्या.) आणि काय चमत्कार! तुरीच्या मधोमध प्रेमसिंगचं डोकं वर आलं. तो चक्क हसत होता. "मंग असं बोला ना पाटील," तो म्हणाला, "मी म्हटलं काय झालं का काय!" आणि शेंगा बाजूला सारत माझ्याकडे चालत यायला लागला.

तो वीस पावलांवर होता. तेवढ्यात मागे जीप थांबल्याचा आवाज झाला. ठाणेदार साहेब अचानक तपासणीला आले होते. कशाच्या, ते सांगायला नको. वही माझ्या बगलेत, साहेब माझ्या पाठीशी, आणि माझ्या तोंडात शेवटची शिवी अर्धी. मी ती गिळली, वळून सलाम केला, आणि घाबरून, निव्वळ घाबरून, प्रेमसिंगकडे हात करून म्हणालो, या प्रेमसिंगजी, आपलीच वाट पाहत होतो. त्यानं मला पाहिलं. जीप पाहिली. साहेबांचा पट्टा पाहिला. यावेळी तो एक तुरीचं शेत ओलांडून थांबला नाही, हरीओम, शिवारच्या शिवार ओलांडून गेला. साहेब बराच वेळ त्या दिशेला पाहत होते. मग त्यांनी माझी वही मागून घेतली आणि स्वतःच्या पेनानं शेरा मारला, 'सौजन्य: असमाधानकारक. सुधारणेस वाव.' इतर पाटलांच्या देखत बैठकीत तो वाचूनही दाखवला. दौलतसिंग हसला, आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी हसला.

संध्याकाळी मी अहवाल लिहायला बसलो. माझं अक्षर चांगलं आहे हे तू कितीही नाकारलंस तरी अख्ख्या ठाण्याला मान्य आहे. मी लिहिलं, 'सदर इसमाचा तीन वेळा शोध घेतला असता मिळून आला नाही.' यात खोटं काय आहे? तीन वेळा गेलो, तीन वेळा नाही मिळाला. अहवाल ठाण्यात गेला, ठाण्यातून वर गेला. चौथ्या दिवशी प्रेमसिंग आपणहून माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी गोडही बोललो नाही, शिवीही दिली नाही, फक्त जबाब लिहिला, त्यानं सही केली. तो जबाब घेऊन मी धावतपळत ठाण्यात गेलो की हा आधीच्या कागदाला जोडा. साहेब म्हणाले, एकदा गेलेला अहवाल दुरुस्त करायचा म्हणजे आपण चुकलो असा अर्थ होतो, आणि फलकावर 'विश्वासार्हता' आहे. हे सांगताना त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहाही मागवला.

मागच्या शनिवारी रीताला पत्र आलं. पडताळणी प्रतिकूल आहे, काही म्हणणं असेल तर येत्या शुक्रवारपर्यंत वाशीमला पोलीस अधीक्षक कार्यालयात अर्ज द्यावा, नाहीतर निवड रद्द. पत्रात अहवालातलं एक वाक्यही दिलेलं आहे, 'उमेदवाराचे वडील पोलिसांना पाहून पळ काढतात, सबब कुटुंबाचे वर्तन संशयास्पद वाटते.' आता हे वाक्य कुठून आलं, त्याच्या खोलात मी शिरत नाही. कागद बऱ्याच हातांतून जातो.

काल ती घरी आली. विकासच मोटारसायकलवर घेऊन आला. तुझ्या बहिणीनं तिला चहा दिला, मला नाही दिला. पोरगी ओट्याच्या पायरीवर बसली. मी वर बस म्हणालो तरी बसली नाही. रडत वगैरे नव्हती, तो कागद तेवढा गुडघ्यावर धरून सारखा सारखा सपाट करत होती. म्हणाली, "काका, तुमी चांगलंच लिवलं असन, मले मालूम हाये. तुमच्या कागदात मांगून कोनी तरी हे जोडलं. आता तुमीच मले अर्ज लिवून द्या. तुमचं अक्षर चांगलं हाये." अख्ख्या जिल्ह्यात माझ्या अक्षराची तारीफ करायला हिलाच मुहूर्त सापडला. मी दोन पानी अर्ज लिहिला. असा अर्ज तू आयुष्यात टाइप केला नसशील. अकरा वर्षांपूर्वीच्या मोटरीची हकीकत घातली, बाप का पळतो ते घातलं, प्रेमसिंगचा सही केलेला जबाब जोडला. खाली तिनं सही केली. ती सही करत होती तोवर मी दुसरीकडे पाहत होतो.

असो. इकडची ही अशी मजा. तुझी करमणूक व्हावी म्हणून एवढं लांबण लावलं. दुकानातून आखीव तावांचे दोन दस्ते संघदीपबरोबर पाठव, माझ्याकडचे संपले. गोड कमी खा. वर्षाराणीला आणि लेकरांना आशीर्वाद.

तुझा भाऊजी,
इंद्रभान

ता.क. ते पळ काढण्याचं वाक्य कुठून आलं, याच्या खोलात मी शिरत नाही असं वर लिहिलं आहे. ते वाक्य माझं आहे. 'मिळून आला नाही' लिहून मी सही केली होती आणि कागद घडी घालून ठेवला होता. मग विकास धावण्याचा सराव करून परत आला, घामाघूम. भरती संपली तरी पोरगा धावायचा थांबला नव्हता. बारा सेकंद, म्हणाला, आता सात राहिले. मला फार वाईट वाटलं, हरीओम. त्याला वाटलं नव्हतं, मला वाटलं. माझा पोरगा रस्त्यावर आणि तांड्यावरची पोरगी वर्दीत, असं मनात आलं, मी कागदाची घडी उघडली आणि सहीच्या वरच्या मोकळ्या जागेत ते वाक्य बसवलं. साहेबांचा शेरा, तूर, सौजन्य, ही सगळी नंतर शोधलेली कारणं. तुझ्या बहिणीनं कागद जमादाराला नेऊन देताना ते वाचलं होतं. ती वीस दिवस का बोलत नाही ते आता तुला कळेल.

दुसरं ता.क. अर्ज या पत्राच्या मागे टाचला आहे. तो तू स्वतः कार्यालयात नेऊन आवक खिडकीवर दे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घे आणि ती प्रत रीताला पाठव. गुरुवारीच जा. शुक्रवारी तिथला बाबू कुठं असेल याचा नेम नसतो. तुझी ओळख लांबवर आहे हे मला माहीत आहे. पहिल्यांदा मी तुला, माझा तो कागदच फायलीतून काढून आण, असं लिहिणार होतो, आणि तू ते केलंही असतंस. तसं करू नको. कागद नाहीसा झाला तर संशय पुन्हा प्रेमसिंगवरच जाईल.

तिसरं. अर्जात एक ओळ आहे, 'सदर खोटे वाक्य लिहिणारी व्यक्ती' अशी, आणि पुढे नावाची जागा. रीता म्हणाली होती, काका, जागा रिकामी ठेवा, कोन ते कळलं का भरू. ती गेल्यावर मी ती भरली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, हुद्दा पोलीस पाटील, आणि शेजारी 'मजकूर कबूल' म्हणून सही. चौकशी लागेल आणि माझी पाटीलकी जाईल, ते जाऊ दे. पण विकास पुढच्या वर्षी पुन्हा भरतीला उतरणार आहे, आणि त्याची पडताळणी निघेल तेव्हा बापाच्या नावापुढे काय लिहिलेलं असेल, हे तू मामा म्हणून माझ्या आधी ओळखशील. मी त्याला रात्री सगळं सांगितलं. आज पहाटे तो नेहमीसारखा धावायला गेला. तुझा जीव भाच्यासाठी तुटतो, मला ठाऊक आहे, म्हणून हात जोडून लिहितो. पत्र वाचून झालं की फाडून टाक. अर्ज फाडू नको.